ग्रोथ फॅक्टर पेशींपर्यंत पोचतच नाही : या चुका टाळा

प्रयोगशाळेत पेशी वाढल्या नाहीत की पहिला संशय ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला लावणारे प्रथिन) विकणाऱ्या कंपनीवर, दुसरा पेशींवर आणि तिसरा रक्तातून काढलेल्या सीरमवर घेतला जातो. प्रथिनाच्या पावडरीची व्हायल, म्हणजे छोटी कुपी, आपण स्वतः कशी उघडली, याची चौकशी मात्र कोणी करत नाही. रत्नागिरीत माशांच्या पेशींचे संवर्धन शिकायला येणारी मुले माध्यमात (पेशी वाढतात त्या पोषक द्रवात) मानवी रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक-तंत्राने बनवलेले, एफजीएफ-२ हे ग्रोथ फॅक्टर घालतात, आणि दर वर्षी नव्या तुकडीच्या हातून तेच ते घोटाळे होताना मी पाहतो. बहुतेक वेळा प्रथिन उत्तम असते; ते पेशींपर्यंत पोचतच नाही.

सगळ्यांत महागडी चूक पहिल्या पाच मिनिटांत होते. ५० मायक्रोग्रॅम प्रथिन म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा पापुद्रा असतो, आणि प्रवासात तो बरेचदा टोपणाला जाऊन चिकटतो. एका जुलैत आमच्याकडील एका विद्यार्थ्याने फ्रीझरमधून व्हायल काढली, घाईने तिथेच उघडली आणि ‘सर, ही रिकामीच आली आहे’ असे सांगत तो माझ्याकडे आला. कंपनीला पाठवायच्या तक्रारीचा मसुदाही त्याने लिहून ठेवला होता. टोपण कचऱ्याच्या डब्यात गेले होते. ते शोधून काढले, तर आतल्या बाजूला वाळलेल्या पाकाच्या ठिपक्यासारखा एक चिकट डाग होता, कारण पावसाळी दमट हवेत थंडगार व्हायल उघडताच आत दव धरले होते आणि पावडरीने ते शोषून घेतले होते. तो डाग बीएसए (गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) असलेल्या बफरने धुऊन, प्रतिजैविक घातलेल्या माध्यमातून एका शिल्लक वेलमध्ये (पेशी वाढवायच्या प्लेटमधल्या खळग्यात) सोडला. दोन दिवसांनी ती वेल शेजारच्या वेलींपेक्षा उघड उघड जास्त भरलेली होती. मसुदा अर्थातच फाडावा लागला.

माझी सवय अशी आहे की, व्हायल न उघडता अर्धा तास टेबलावर ठेवायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवायची आणि त्यानंतरच टोपण काढायचे. बफर भिंतींवरून ओघळू द्यावा, व्हायल हळूच कलती करावी आणि पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. व्हॉर्टेक्सवर (जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) ती धरणाऱ्यांना मी प्रयोगशाळेतून बाहेर काढलेले आहे.

बफर कोणता, हे सोबतच्या कागदावर लिहिलेले असते आणि तो कागद वाचायचा असतो. टीजीएफ-बीटा १ किंवा पीडीजीएफ-बीबी हे दुसरे ग्रोथ फॅक्टर साधारणपणे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात. एफजीएफ-२ ला ते लागत नाही.

दुसरी चूक आळशीपणाची आहे. पुन्हा पुन्हा पिपेट धरायला नको म्हणून काही जण अख्खी व्हायल एकदम साध्या बफरमध्ये नॅनोग्रॅमच्या पातळीपर्यंत पातळ करून ठेवतात. प्रथिनाचे रेणू प्लॅस्टिकच्या आणि काचेच्या भिंतीला चिकटतात. द्रावण दाट असेल तर हा तोटा नगण्य ठरतो, पण इतके पातळ असेल तर भिंतच बहुतेक सगळे गिळून टाकते आणि आपण पेशींना निव्वळ मीठपाणी पाजत राहतो. म्हणून ५० मायक्रोग्रॅम अर्ध्या मिलिलिटरमध्ये विरघळवावे, म्हणजे मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमचा साठा होतो, आणि त्यात ०.१ टक्का बीएसए असावे. मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम हवे असतील तर ५०० मिलिलिटर माध्यमाला या साठ्यातले ५० मायक्रोलिटर पुरतात. हा हिशेब कागदावर मांडावा, कारण नॅनो आणि मायक्रोची गल्लत तोंडी हिशेबात हमखास होते.

घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर हा कोकणातला माझा खास शत्रू आहे. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून आतून स्वतःला गरम करतो, आणि त्यात पावसाळ्यात वीज गेली की अ‍ॅलिकोट (साठ्याचे छोटे वाटे) वितळून पुन्हा गोठतात. मी एका वेळेला पुरतील एवढेच अ‍ॅलिकोट करतो, ते थर्माकोलच्या डब्यात घालून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये आतल्या बाजूस ठेवतो आणि वितळवलेला अ‍ॅलिकोट पुन्हा गोठवत नाही. गणपतीच्या सुट्टीच्या तोंडावर मात्र ऑर्डर देऊ नये. पार्सल लिपिकाच्या टेबलावर पडून राहते. तसे झालेच तर घाबरून व्हायल फेकूही नये, कारण सुक्या स्वरूपातले प्रथिन थोडे दिवस बाहेर सहसा टिकते. नाजूक होते ते विरघळवल्यानंतर.

एफजीएफ-२ ला ईजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरच्या मापाने मोजू नये. ईजीएफ ५३ अमिनो आम्लांचे, तीन डायसल्फाइड बंधांनी आवळलेले, चिवट प्रथिन आहे. एफजीएफ-२ माध्यमात ३७ अंशांना दिवसभरातच बरेचसे निकामी होते. म्हणूनच मानवी मूलपेशींचे माध्यम रोज बदलण्याची पद्धत पडली, आणि म्हणूनच त्याला स्थिर ठेवणारे हेपरिन काही जण सोबत घालतात. माशांच्या पेशी २८ अंशांच्या आसपास वाढवतात, तिथे घाई थोडी कमी असते, तरी तीन-चार दिवस एकाच माध्यमावर रेटणाऱ्यांनी पेशींना दोष देऊ नये.

पातळ केलेले द्रावण साध्या फिल्टरमधून गाळू नये, निम्मा माल पडद्यावरच राहू शकतो. माध्यम आधी गाळून घ्यावे आणि निर्जंतुक साठा नंतर घालावा. दहा टक्के सीरम असलेल्या माध्यमात ग्रोथ फॅक्टरचा परिणाम शोधू नये, कारण सीरममध्ये तेच घटक आधीपासून असतात. आणि नवा लॉट (उत्पादनाची नवी खेप) आला की जुन्याच्या शेजारी एकदा मात्रेची मालिका लावून पाहावी. प्रमाणपत्रावरची ईडी-५० (निम्मा परिणाम देणारी मात्रा) कंपनीच्या पेशींवर मोजलेली असते, तुमच्या पेशींवर नव्हे.