सातमाळ्याची रांग सलग चालायची असेल तर आखणीतल्या या चुका टाळा

दिवाळी सरली आणि नाशिकची हवा कोरडी झाली की अनेक गटांमध्ये सातमाळ्याच्या रेंज ट्रेकची आखणी सुरू होते. जिल्ह्याच्या उत्तर भागात पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेल्या या रांगेवर अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई आणि चांदवड असे किल्ले ओळीने उभे आहेत. नकाशावर ती ओळ इतकी सरळ दिसते की रोज तीन किल्ले या हिशेबाने चार दिवसांत सारे उरकेल असे वाटू लागते. बहुतेक मोहिमा याच हिशेबामुळे फसतात, आणि ही चूक घरी बसूनच होत असल्यामुळे ती घरीच सुधारता येते.

किल्ल्यांची संख्या मोजून दिवस ठरवणे

ही रांग म्हणजे सलग चालता येईल अशी धार नाही. सह्याद्री लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेला असल्याने कठीण थराचा उभा कडा, त्याखाली मऊ थर झिजून तयार झालेला घसाऱ्याचा उतार आणि त्याखाली पुन्हा कडा, अशी रचना येथे जागोजाग आढळते. एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर जाताना बहुतेक वेळा आधी बारीपर्यंत, म्हणजे दोन डोंगरांमधल्या खिंडीपर्यंत, उतरावे लागते आणि मग पुन्हा तेवढेच चढावे लागते. त्यामुळे केवळ अंतर पाहून काहीच समजत नाही. दिवसाची एकूण चढाई आणि उतराई मीटरमध्ये वेगवेगळी मांडावी लागते.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही वापरला जातो: ताशी साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. या नियमाने १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाईचा दिवस चार तासांत संपतो. परंतु हा नियम साध्या वाटेवर चालणाऱ्या धडधाकट माणसासाठी आहे. कातळटप्प्यावर दोर लावून सहा जणांना प्रत्येकी १५ मिनिटे लागली, तर एकाच टप्प्यावर दीड तास जातो आणि त्याच वाटेने उतरताना पुन्हा तेवढाच. म्हणून नियमाने आलेला वेळ मी दुप्पट धरतो आणि दोराच्या टप्प्यांचा वेळ त्यात वेगळा मिळवतो. डिसेंबरात येथे सकाळी सातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा दुपारी चारनंतर एकही कातळटप्पा शिल्लक राहणार नाही अशा बेताने दिवस आखावा.

सप्तशृंगीचे शिखर या हिशेबात धरूच नये. मंदिराच्या वरच्या त्या शिखरावर निशाण लावण्यासाठी परंपरेने ठरलेले मानकरीच चढतात, आणि आपण तो मान राखला पाहिजे.

टाक्याच्या भरवशावर निघणे

या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही पाच जण प्रत्येकी दोन लिटर पाणी घेऊन निघालो होतो, कारण आदल्या वर्षी डिसेंबरात पाहिलेले किल्ल्यावरचे टाके, म्हणजे कातळात खोदलेला पाण्याचा हौद, काठोकाठ भरलेले होते. या वेळी त्याच्या तळाशी हिरवा गाळ तेवढा उरला होता. दोघांना रिकाम्या बाटल्या घेऊन खालच्या वस्तीवर उतरावे लागले, त्यात तीन तास गेले आणि धोडप त्या मोहिमेतून वगळावा लागला. तो निर्णय योग्यच होता, पण चूक टाक्याची नव्हती. किल्ल्यावर टाके आहे ही एक माहिती झाली आणि या महिन्यात त्यात पिण्याजोगे पाणी आहे ही दुसरी; दुसरी माहिती पायथ्याच्या गावात गुरे चारणाऱ्यांकडूनच मिळते. स्वयंपाक धरून माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाणी लागते. मुक्काम पाण्याजवळच ठरवावा आणि टाक्याचे पाणी उकळूनच प्यावे.

नकाशात दिसत नाही म्हणून कडा नाही असे समजणे

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचे २० मीटरचे अंतर असते. याचा अर्थ असा की १५ मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे पूर्णपणे दडून राहू शकतो, आणि असा कातळ उतरण्यासाठी दोर लागतो. मोबाइलवर उतरवून घेतलेल्या दुसऱ्याच्या वाटेचेही तसेच आहे. ती कोणत्या ऋतूत चालली गेली हे त्या रेषेवरून समजत नाही आणि कड्यांच्या कुशीत तिची जागा सरकलेली असू शकते.

वाट चुकल्याचे पहिले लक्षण म्हणजे मळलेली आडवी वाट हळूहळू अरुंद होत जाते, पायाखाली मुरूम घसरू लागतो आणि खाली कडा असतो. ती बहुधा ढोरवाट असते आणि गवत संपले की तीही संपते. अशा वेळी ‘पुढे वाट मिळेलच’ म्हणून रेटत जाऊ नये. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत सर्वांनी मागे फिरावे. वाळलेले गवत आधाराला धरू नये, ते मुळासकट हातात येते.

चढता आले म्हणजे उतरता येईल असे गृहीत धरणे

चढताना पकडी डोळ्यांसमोर असतात, उतरताना त्या पायाखाली जातात. कातळाकडे तोंड करून उतरावे, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत आणि प्रत्येक पकड भार देण्यापूर्वी ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर ती सोडून द्यावी. पाठीवर १२-१५ किलोची सॅक असेल तर ती कातळापासून मागे ओढते. ज्या वाटेने चढायचे त्याच वाटेने परतायचे असेल तेथे सॅक खाली एका माणसाजवळ ठेवावी, कारण माकडे बंद चेनही उघडतात. पलीकडे उतरायचे असेल तर सॅक दोराने वेगळी ओढून घ्यावी. रवळ्या-जवळ्याचे माथे असे कातळटप्पे चढता-उतरता येणाऱ्यांसाठीच आहेत. बाकीच्यांनी मधल्या पठारावर थांबावे आणि हे गावातून निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.

मधून बाहेर पडण्याची वाट न ठरवणे

या रांगेतल्या बाऱ्या जुन्या काळापासून वाहतुकीच्या वाटा आहेत. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांनी मोगल सरदार दाऊदखानाशी झुंज दिली ती कांचनबारीच्या परिसरातच. आजही एखाद्याचा पाय मुरगळला तर सर्वांत सोपी सुटका बारीतूनच होते, पुढचा किल्ला ओलांडून नव्हे. म्हणून प्रत्येक दिवसासमोर सर्वांत जवळची बारी, तेथून उतरणारे गाव आणि त्या गावाहून सुटणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ लिहावी, आणि त्या कागदाची एक प्रत नाशिकला घरी ठेवावी. कोणत्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर ११२ वर कळवायचे, हेही त्याच कागदावर असावे. फुरसे किंवा घोणस चावल्यास ही तयारी विशेष उपयोगी पडते, कारण तेव्हा आवळपट्टी किंवा चिरा यांत वेळ न घालवता माणसाला न चालवता उचलून रुग्णालयात पोहोचवावे लागते.

कपारीत आग्यामोहोळ दिसले तर तिच्याखाली चूल पेटवू नये, अत्तर लावू नये आणि मोठ्याने बोलू नये. मुक्काम त्याच कपारीत ठरलेला असला तरी तो हलवावा, आणि त्यासाठी अंधार पडायच्या आत दुसरी जागा गाठता येईल एवढा वेळ हाताशी राखलेला असावा.