लुबेरोंला सायकल नेण्याआधी

सगळ्यात आधी डिरेलर हँगर. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, पंप, पंक्चरचं सामान कुणी विसरत नाही, त्यावर शब्द घालवत नाही. मागच्या अ‍ॅक्सलपाशी फ्रेमला स्क्रूने बसवलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, ज्याला मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) लटकतो, तो हँगर. गेल्या मे महिन्यात मी फ्रान्सच्या दक्षिणेतल्या लुबेरों डोंगरात माउंटन बाइक चालवायला जादा हँगर न घेता पुण्याहून निघालो आणि आठ दिवसांतले सहा दिवस सायकल भिंतीला टेकवून ठेवावी लागली. या मे महिन्यात पुन्हा निघतोय, बरोबर दोघंजण पहिल्यांदाच येतायत. त्यांच्यासाठी आणि तिकडे जाऊ बघणाऱ्या प्रत्येकासाठी ही यादी.

हँगर मुद्दाम मऊ धातूचा करतात. धक्का बसला तर त्याने मोडायचं आणि फ्रेम वाचवायची, एवढंच त्याचं काम. म्हणजे तो कधीतरी मोडणार हे धरूनच चालायचं. घोळ असा की जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. दिसायला दोन सारखे वाटतात, पण स्क्रूचं भोक दोन मिलिमीटर सरकलेलं असलं की संपलं. 2019 साली स्रॅम कंपनीने यूडीएच नावाचा एकच सामाईक आकार आणला आणि बऱ्याच नव्या फ्रेम त्यावर आल्या. तुमची तशी असेल तर परक्या गावात हँगर मिळायची आशा तरी आहे. जुनी असेल तर नाही. माझी जुनी आहे.

झालं असं. प्रवासात खोका एका कोपऱ्यात चेपला होता. सायकल जोडली, गिअर जरा अडखळत होते, केबल ताणून भागवलं. तिथेच थांबून मागून डोळ्यांनी बघायला हवं होतं: डिरेलरची दोन छोटी चाकं कॉगच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या, सरळ रेषेत आहेत की आत कलली आहेत. दुसऱ्या दिवशी बोनियू गावावरून सेदरांच्या जंगलाकडे चढत होतो. हा सेदर आपल्या हिमालयातल्या देवदाराचाच भाऊबंद. उत्तर आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास डोंगरातून बी आणून 1861 साली इथल्या उजाड माथ्यावर पेरलं, त्याचं आज हे जंगल झालंय. चढ कडक झाला म्हणून सर्वात मोठ्या कॉगवर टाकलं आणि डिरेलर स्पोकमध्ये घुसला. कट्ट! पेडल जागीच थिजलं. खाली बघतो तर डिरेलर केबलला लोंबकळतोय, चेनला पीळ बसलाय आणि पांढऱ्या खडीवर हँगरचा अर्धा तुकडा पडलाय, मोडलेली कड नव्या नाण्यासारखी चकचकीत. शनिवारची दुपार. रविवारी दुकानं बंद, छोट्या दुकानांची बऱ्याचदा सोमवारीही सुट्टी. मंगळवारी जवळच्या आप्त नावाच्या गावातल्या दुकानदाराने हँगरचा अख्खा खण माझ्यासमोर ओतला आणि एकेक लावून पाहिला. एकही बसला नाही. मागवलेला हँगर मी परतेपर्यंत आला नाही. त्या भल्या माणसाचा यात काहीच दोष नव्हता.

तेव्हा दोन महिने आधी फ्रेमचं मॉडेल आणि साल लिहून हँगर मागवा. आपल्याकडे जुन्या फ्रेमचा हँगर यायला महिना सहज लागतो. एक नाही, दोन घ्या, स्क्रूसकट. आणि आलेला हँगर घरीच एकदा फ्रेमला लावून बघा. फोटो जुळला म्हणून पिशवीत टाकू नका. लावून बघा! पॅक करताना मागचा डिरेलर सोडवून फडक्यात गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा, म्हणजे खोका आपटला तरी जोर हँगरवर येत नाही. बरोबर चेन तोडायचं टूल आणि दोन क्विक लिंक (चेन जोडायच्या सुट्या कड्या) ठेवा. हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) असेल तर चेन छोटी करून एकाच गिअरवर घरी येता येतं. फुल सस्पेन्शनवर चाक वरखाली झालं की चेनचा ताण बदलतो, तिथे या जुगाडावर विसंबू नका.

कधी जायचं? जुलै-ऑगस्ट नको. लॅव्हेंडर जुलैत फुलतं हे खरं, पण हाच वणव्यांचा काळ. उन्हाळ्यात तिथलं प्रशासन धोक्यानुसार रानंच्या रानं बंद करतं. दक्षिणेच्या बूश-द्यू-रोन जिल्ह्यात हे नियम 1 जून ते 30 सप्टेंबर लागू असतात. दुसऱ्या दिवशीचा नकाशा आदल्या संध्याकाळी जाहीर होतो, तो रोज बघायचा आणि बंद असेल तर निमूट दुसरीकडे जायचं. सिगारेट, स्टोव्ह, शेकोटी अजिबात नाही. पाइनचं वाळलेलं रान आणि वर वारा, किती वेळात काय होतं ते सांगायला नको. मे उत्तम. ऑक्टोबरही चांगला, पण सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम. वाटेवर ‘शास आँ कूर’ अशी पाटी दिसली, की पुढे रानडुकरांचा हाका चालू आहे. मागे फिरा, किंवा भडक रंगाचं जॅकेट घालून मोठ्याने बोलत जा. मी तरी मागे फिरतो.

पाणी. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर पावलोपावली झरे बघायची आपल्या डोळ्यांना सवय. लुबेरोंच्या माथ्यावर पाणी नाही म्हणजे नाही. सगळा चुनखडीचा डोंगर, पाऊस पडतो तो फटींतून आत मुरतो. पलीकडे व्होक्लूझच्या डोंगरांत मुरलेलं पाणी फोंतेन-द-व्होक्लूझ गावात एका कड्याच्या पायथ्याशी वर येतं. त्या झऱ्यात 1985 साली सोडलेलं यंत्र 308 मीटर खाली गेल्यावर तळाला टेकलं. पाणी आहे ते असं खोल पोटात, तुमच्या बाटलीत नाही. माणशी तीन लिटर घेऊनच चढा. गावातल्या कारंज्यावर ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिऊ नका. काहीच सापडलं नाही तर गावचं कब्रस्तान शोधा, फुलांना घालायला तिथे बहुतेक ठिकाणी नळ असतो. टोपी काढून शांतपणे आत जा, पाटी वाचा, भरा आणि निघा.

खाणं पाण्याइतकंच महत्त्वाचं, कारण घड्याळ वेगळं आहे. पावाची बेकरी साडेबारा-एकला बंद होते, ती चारनंतर उघडते. दुपारी दोनला भुकेने गावात उतरलात तर बंद खिडक्या दिसतील. सकाळीच पाव घ्या. शेंगदाण्याची चिक्की आणि दशम्या घरून न्या, पहिले तीन दिवस त्यावर निघतात.

टायर जाड बाजूंचे आणि ट्यूबलेसच. आपला कातळ बोथट असतो, चुनखडीच्या कडा सुरीसारख्या. वर केर्मेस ओकची काटेरी पानं आणि काटेरी जेने झुडपं, त्यांचे काटे साध्या ट्यूबची चाळण करतात. सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारा द्रव) ताजं भरा, मोठ्या भोकासाठी प्लग ठेवा, तरी एक ट्यूब असू द्या. ओल्या चुनखडीवर ब्रेक दाबू नका, ती साबणासारखी घसरते.

आता हँगर खोक्यात आहे ना, ते बघा. पुढचं नंतर वाचा.

वाटा: माउंटन बाइकच्या खुणा म्हणजे एक त्रिकोण आणि दोन वर्तुळं. अवघडपणा हिरवा, निळा, लाल, काळा या क्रमाने चढतो. सह्याद्रीत कितीही वर्षं चालवत असा, पहिला दिवस निळ्यावर काढा. लाल-पांढरे पट्टे पायी चालणाऱ्यांच्या वाटांचे, तिथे त्यांना आधी जाऊ द्यायचं. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, दऱ्यांत रेंज जाते. मिस्त्राल सुटला असेल तर माथ्याची धार टाळा. हा उत्तरेचा वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर झोत मारतो. 1,125 मीटरच्या मूर नेग्र शिखरावर त्याला अडवायला काही नाही. मेंढ्यांचा कळप दिसला तर उतरा, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मधे धरा आणि लांबून हळू चालत जा. ते पांढरे मोठे कुत्रे लांडग्यांपासून कळप राखायला ठेवलेले असतात. पळालात, ओरडलात तर ते त्यांचं काम करणारच.

पोचायचं मार्सेलला, मग ट्रेनने आव्हिन्यों किंवा काव्हायों. आप्तला रेल्वे नाही, जुन्या रेल्वेमार्गावर आता सायकलरस्ता आहे. मोठा खोका बसमध्ये घेतील का ते आधी विचारून ठेवा.

विमा: शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचा लागतोच, पण त्यात माउंटन बाइकिंग वगळलंय का ते बारीक अक्षरात वाचा. अडचणीत फोन 112. टॉर्चची लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत. ब्रेक पॅडचा एक जोड. अ‍ॅलन की. सनस्क्रीन. ओआरएस.

निघायच्या आदल्या रात्री खोक्याला टेप लावण्याआधी दोन्ही हँगर हातात घ्या, स्क्रू मोजा. एक टूलच्या पिशवीत, दुसरा पासपोर्टजवळ, म्हणजे खोका मागे राहिला तरी एक तुमच्यापाशी असेल. तिकडे सायकल जोडलीत की चढायच्या आधी मागे उकिडवे बसा आणि ती दोन छोटी चाकं कॉगच्या रेषेत आहेत का ते बघा. वाकडी वाटली तर हँगर तिथेच, अंगणातच बदला.