मृत्युपत्रात ट्रस्टी म्हणून आपलं नाव निघालं तर काय करायचं

मामा गेले, तेरावं झालं आणि मृत्युपत्र उघडलं तर त्यात ट्रस्टी (दुसऱ्यासाठी मालमत्ता सांभाळणारा) म्हणून माझं आणि मामेभावाचं नाव. नागपूरच्या महाल भागातलं घर, दोन एफडी, लॉकर, सगळं ताईसाठी, कारण तिला पैशाचे व्यवहार समजत नाहीत. असं तुमच्याबाबतीत झालं तर लगेच हो म्हणू नका बाप्पा, आधी मृत्युपत्र दोनदा वाचा. 1882 च्या ट्रस्ट कायद्याप्रमाणे एकदा होकार दिला की मनात आलं म्हणून सोडता येत नाही, मृत्युपत्रात तशी सोय नसेल तर कोर्टाची परवानगी लागते नाहीतर लाभार्थीची, म्हणजे ज्याच्यासाठी ट्रस्ट आहे त्याची, संमती, आणि ताईसारखं माणूस संमती देणार कशी?

होकार दिला की मनपातून मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती काढा, जिथे जाल तिथे मागतात. ट्रस्टचं वेगळं पॅन आणि वेगळं बँक खातं उघडा, एक रुपयाही एका दिवसासाठीसुद्धा स्वतःच्या खात्यात ठेवू नका. मग यादी. लॉकर बँकेच्या अधिकाऱ्यासमोर दोन साक्षीदार घेऊन उघडला, दोन पाटल्या, एक तुटलेलं मंगळसूत्र, चांदीचा तांब्या, एकेक वस्तूचा फोटो काढला आणि वजन सोनाराकडून लिहून घेतलं. घराचं आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) आणि घरटॅक्सला नाव बदलायचं, प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजचा असेल तर तिथेही अर्ज लागतो. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, नागपुरात हिंदूंच्या मृत्युपत्राला सक्तीचं नाही, पण वाद असेल तर बँक मागू शकते.

एफडीला नॉमिनी मामेभाऊ होता आणि त्याला खरंच वाटलं की पैसे त्याचेच. नॉमिनी मालक नसतो, तो फक्त पैसे घेऊन ज्याचे त्याला देणारा, शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये हेच सांगितलं. शांतपणे बसून समजावलं, ऐकलं त्याने.

आता हिशोब, आणि इथेच माझी चूक झाली. ताईला सांभाळणाऱ्या बाईंचा दोन महिन्यांचा पगार मी रोख दिला, पावती नाही घेतली, वर्षाअखेरीस मामींनी विचारलं तर दाखवायला काहीच नव्हतं, ते पैसे मी स्वतः भरले. तेव्हापासून वहीत तारीख, रक्कम, कशासाठी, पावती नंबर, सगळं त्याच दिवशी लिहितो, औषधाची पंचवीस रुपयांची चिठ्ठीसुद्धा चिकटवून ठेवतो. लाभार्थीला किंवा त्याच्या वतीने बोलणाऱ्याला हिशोब मागायचा हक्क आहे. मृत्युपत्रात लिहिलं नसेल तर ट्रस्टीला मेहनताना मिळत नाही, खर्च मात्र घेता येतो. दरवर्षी रिटर्न भरायचं असतं, ते सीएकडून करून घ्या.

निर्णय सगळ्या ट्रस्टींनी मिळून घ्यायचे, एकट्याच्या सहीवर काही करू नका, आणि जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. पैसे मृत्युपत्रात सांगितलंय तिथे किंवा सरकारने ट्रस्टसाठी ठरवलेल्या ठिकाणीच गुंतवा. घर विकायचं ठरलं तर ट्रस्टी स्वतः किंवा बायकोच्या नावाने ते घेऊ शकत नाही, भाव पूर्ण दिला तरी.

मामा एखाद्या मंदिराच्या किंवा शाळेच्या ट्रस्टवरही असतील तर ते पूर्ण वेगळं, तिथे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आणि एखाद्या कलमाचा अर्थच लागत नसेल तर अंदाजाने चालू नका, ट्रस्टी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात अर्ज करून मत मागू शकतो.