ऑबर्न स्पीडस्टरची रेप्लिका घ्यायची तर आधी टायटल बघा

सगळ्यात आधी टायटल, म्हणजे अमेरिकेत गाडीच्या मालकीचा जो सरकारी कागद असतो तो. गाडीचे फोटो नंतर बघा, आधी विकणाऱ्याकडून टायटलच्या दोन्ही बाजूंचा आणि फ्रेमवर ठोकलेल्या नंबरचा फोटो मागवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. गेल्या खेपेला माझं बाकी सगळं झालं आणि नेमकं हेच राहिलं, गाडी दारात येऊन उभी आणि नंबरप्लेट काही मिळेना.

मी बोलतोय ते ऑबर्न ८५१ बोटटेल (होडीसारख्या निमुळत्या शेपटीच्या) स्पीडस्टरच्या रेप्लिकेबद्दल, म्हणजे नंतर बनवलेल्या नकलेबद्दल. मूळ गाडी अशी: १९३५ ची गाडी, गॉर्डन ब्यूरिगचं डिझाइन, सुपरचार्जर लावलेलं लायकमिंगचं स्ट्रेट-एट (एका रांगेत आठ सिलिंडरचं) इंजिन, १५० हॉर्सपॉवर, आणि डॅशबोर्डवर वेगाचे विक्रम करणाऱ्या एब जेन्किन्सच्या सहीची पट्टी की ही गाडी ताशी १०० मैलांच्या वर पळवून बघितलीय. इतकी देखणी गाडी समोर आली की माणूस वाहवत जातो, म्हणूनच कागद आधी.

मग बनवली कोणी ते विचारा. ओक्लाहोमात ब्रोकन ॲरोला ग्लेन प्रेने १९६० मधे जुन्या ऑबर्न कंपनीचा उरलासुरला माल विकत घेतला आणि पुढे फोर्डचं व्ही-एट इंजिन टाकून स्पीडस्टर बनवल्या. नंतर बऱ्याच जणांनी फायबरग्लास बॉड्या काढल्या, आणि किट आणून घरच्या गॅरेजमधे जोडलेल्या गाड्याही आहेतच. जमत असेल तर इंडियानात ऑबर्नच्या म्युझियममधे एकदा खरी गाडी बघून या, कंपनीच्याच जुन्या शोरूममधे आहे. खरीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १२७ इंच, तो लांबपणा डोळ्यात बसला की मग कुठल्या रेप्लिकेची शेपटी आखूड आणि कुठलीचं बॉनेट फुगलेलं ते लगेच कळतं.

गाडीपाशी गेलात की टॉर्च घेऊन खाली झोपाच, लाजू नका. खालची फ्रेम बहुतेक वेळा दुसऱ्याच गाडीची असते, कापून किंवा वाढवून घेतलेली, तेव्हा जोडाचं वेल्डिंग बघा, वेल्डवर जाड काळा रंग ताजा मारलेला असेल तर का मारला ते विचारा. दाराच्या बिजागऱ्यांभोवती बोट फिरवा, जेलकोटला (फायबरग्लासच्या वरच्या थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील तर आतली बॉडी हलतेय, नुसता रंग मारून ते बसत नाही. बाजूने निघणारे ते चकचकीत पाइप काही रेप्लिकांना नुसते शोभेचे असतात, खरा एक्झॉस्ट खालून जातो. त्यात वाईट काही नाही, पण पैसे देताना माहीत असावं. छप्पर स्वतः लावून बघा. आत बसून बघा, उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. ब्रेक, टायर, ऑइल वगैरे नेहमीचं.

आणि परत टायटल! कारण सांगतो. कागदावर कधी मूळ फ्रेमच्या गाडीचं नाव असतं, म्हणजे सत्तरच्या दशकातली फोर्ड, कधी असेंबल्ड (सुटे भाग जोडून केलेली) म्हणून राज्याने दिलेला नंबर असतो, आणि कधी सरळ '१९३५ ऑबर्न' लिहिलेलं असतं. हे तिसरं दिसलं की थांबा, कारण रेप्लिका काही १९३५ ची नाही. विकणारा म्हणेल इतकी वर्षं चालली ना, पण ती त्याच्या राज्यात चालली. नंबर १७ अक्षरांपेक्षा छोटा दिसला म्हणून घाबरू नका, १९८१ च्या आधी तसे असायचेच, प्रश्न लांबीचा नाही, जुळण्याचा आहे. तुमच्या राज्याच्या ऑफिसात त्या टायटलचा फोटो घेऊन आधी जा आणि विचारा की ही गाडी रजिस्टर होईल का. ओहायोत सेल्फ-असेंबल्ड गाडीला हायवे पोलिसांचं इन्स्पेक्शन लागतं, कॅलिफोर्नियात स्पेशली कन्स्ट्रक्टेड, म्हणजे अशाच जोडून बनवलेल्या, गाड्यांची स्मॉगच्या (धुराच्या) तपासणीतून सूट वर्षाला ५०० जणांनाच मिळते. ॲडव्हान्ससुद्धा त्याच्या आधी देऊ नका, फ्रेमवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तर अजिबात नाही.

पार्ट्सची यादी लिहून घ्या: इंजिन कुठलं, ब्रेक कुठल्या गाडीचे, कुठल्या वर्षाचे. ही यादी नसेल तर साधा वॉटर पंप मागवायलाही काउंटरवर तासभर जातो.

इन्शुरन्स ॲग्रीड व्हॅल्यूचा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला. गाडीवर लोन बाकी नाही ना ते बघा. गाडी आणायला ट्रेलर घ्याल तो उघडा नको, बंदिस्त घ्या. टायटलवर सही विकणाऱ्याचीच, आणि नाव तेच जे कागदावर आहे. नंबर परत एकदा जुळवा, मग पैसे.