जुना कॉम्प्युटर टाकून देण्याआधी

बटण दाबून दहा मिनिटं झाली तरी पडद्यावरचं ते गोल फिरतंच आहे, आणि मुलाचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख. अशा वेळी 'फॉरमॅट मारा' किंवा 'नवाच घ्या' हे सल्ले लगेच मिळतात. दोन्हींची घाई करू नका. मशीन नेमकं कुठे अडतंय ते आधी शोधा.

त्याआधी फोटो आणि कागदपत्रं एक्स्टर्नल ड्राइव्हवर घ्या. कॉपी झालेल्या दोन-चार फाइल्स दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर हे आजच करा, ती कधी बसेल याचा नेम नसतो.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, डिस्क आणि मेमरी किती वापरात आहे ते त्यात दिसतं. मशीन सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि काहीही उघडलेलं नसताना आकडे वाचा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर दुखणं बहुतेक तिथेच आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि वाचणारं डोकं या फाइलवरून त्या फाइलवर सरकत राहतं. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल्स लागतात. वेळ त्या धावपळीत जातो, प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो. साटा जोडणीची २.५ इंची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, बसवली की ही धावपळच संपते. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर माझं मत ठामपणे एसएसडीला. जुनी डिस्क खराब झाली असेल तर क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करू नका, विंडोज नव्याने टाका.

मेमरी, म्हणजेच रॅम, कायम ८०-९० टक्के भरलेली दिसली तर ती वाढवा. ४ जीबीची ८ केली तरी ब्राउझर मोकळा श्वास घेतो. डीडीआर३ प्रकारच्या रॅमच्या खाचेत डीडीआर४ची पट्टी बसत नाही, म्हणून जुनी पट्टी दुकानात सोबत न्या. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधले, मशीनसोबत आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद करायला मात्र एक पैसा लागत नाही. अँटीव्हायरसला तेवढा हात लावू नका.

कॉम्प्युटर मध्येच आपोआप बंद पडतो? बहुधा तापतोय. वायर काढा, झाकण उघडा, पंखा बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवा.

डेस्कटॉपचं घड्याळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल बदला, बहुतेक ठिकाणी सीआर२०३२ असतो. आमच्याकडे एकही वेबसाइट उघडेना, म्हणून कितीतरी दिवस इंटरनेटवाल्याला फोन करत होतो. चूक तारखेची होती. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून पाहिलं जातं, तारीख जुनी असली की ब्राउझर दार बंद करतो.

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीन विंडोज ११ घेत नसेल तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघा. प्रिंटर, वायफाय आणि मराठी टायपिंग तिन्ही जमलं, तरच डिस्कवर टाका.