आपल्या एरियातलं गार्डन नुसतं नावाला आहे की कामाचं, हे कसं बघायचं (नाशिककरांसाठी)

महापालिकेची निवडणूक आली की प्रत्येक जण सांगतो आम्ही एवढी उद्यानं केली, आणि आकडा खोटाच असतो असं नाही, पण कॉलनीच्या कोपऱ्यात चार पेव्हर ब्लॉक, एक घसरगुंडी आणि नगरसेवकाच्या नावाची ही मोठी पाटी लागली की तेही एक उद्यान म्हणून मोजलं जातं. त्यामुळे आकडा सोडा. शहराची उद्यानं कशी आहेत हे पायी फिरून कळतं, त्याला कोणी एक्स्पर्ट लागत नाही, दोनचार संध्याकाळी आणि एक माहिती अधिकाराचा अर्ज एवढ्यात काम होतं.

सुरुवात घरापासून करायची. आणि घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस बरोबर घ्यायचं, आजी, गुडघे धरलेले काका, नाहीतर तीन वर्षांचं पोर. 10 मिनिटांत सावली आणि टेकायला फुकट जागा मिळाली तर एरिया पास. हे 10 मिनिटांचं माप अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांनी धरलंय, साधारण 800 मीटर, पण आपल्याकडे नुसते मीटर मोजून भागत नाही. द्वारका चौकात हायवे ओलांडून जायचं असेल तर पलीकडचं गार्डन 300 मीटरवर असलं काय नि 3 किलोमीटरवर असलं काय, आजीला सारखंच. गेट कुठंय तेही बघा, मॅपवर गार्डन अगदी घराच्या मागे दिसतं आणि प्रत्यक्षात चारी बाजूंनी कंपाउंड वॉल, गेट एकच आणि तेही मागच्या गल्लीत. खरं तर जास्तीचं गेट ही सगळ्यात स्वस्त मागणी आहे, भिंत फोडून एक फिरतं गेट बसवलं की बाइक आत शिरत नाही आणि मागच्या गल्लीतली सगळी घरं एकदम जवळ येतात. पण ते कोणी मागत नाही, सगळ्यांना कारंजं पाहिजे.

आता वेळ. सकाळी साडेसहाला कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक घ्या नाहीतर गोल्फ क्लबचं मैदान, नाशिकची हवाच अशी आहे की तेव्हा सगळं झकास वाटतं, म्हणून ती वेळ चेक करायला बाद. एप्रिलमध्ये दुपारी 4 ला जा. पहिलं म्हणजे गेट उघडं आहे का, कारण बरीच गार्डन मधल्या वेळात कुलूपबंद असतात आणि गंमत म्हणजे जागेची खरी गरज ज्यांना असते ते तेव्हाच बाहेर असतात, दोन घरच्या कामांमध्ये तासभर मोकळ्या असलेल्या बायका, डिलिव्हरीवाली पोरं, सिव्हिल हॉस्पिटलला किंवा कोर्टाच्या तारखेला सुरगाणा, पेठवरून आलेली माणसं. ती माणसं शालिमारजवळच्या शिवाजी उद्यानासारख्या जागी टेकतात, तिथून परतीच्या एसटीसाठी सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर जातात. त्यांना लॉन नको, नळ आणि सावली पाहिजे.

बाकावर हात ठेवून बघा. ग्रॅनाइटचा बाक उन्हात असेल तर अंधार पडेपर्यंत तिथे कोणी बसत नाही. दुपारनंतर सावली पूर्वेला पडते, म्हणजे झाड बाकाच्या पश्चिमेला पाहिजे, एवढी साधी गोष्ट, पण बाक लावले जातात कागदावरच्या डिझाइनमध्ये छान दिसतात म्हणून.

मग कोण बसलंय ते बघा. फक्त पुरुष असतील तर काहीतरी गडबड आहे, बहुतेक टॉयलेटला कुलूप आहे नाहीतर मेंदी इतकी वाढलीय की रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. मेंदी कमरेच्या खाली, दिवे चालू, टॉयलेट उघडं, एवढं झालं की मुली आपोआप येतात. आणि बारा ते सोळा वयाच्या पोरांचं काय? घसरगुंडी त्यांना लहान, ग्रीन जिमवर काका लोक, क्रिकेटला मनाईचा बोर्ड. मग ती पोरं रस्त्यावर खेळतात आणि आपण त्यांनाच ओरडतो.

झाडांकडे आलो की खाली वाकून बुंधा बघा. पेव्हर ब्लॉक थेट सालीपर्यंत आणलेत का? सिमेंटच्या रिंगेत मूळ अडकलंय का, पाणी मुरायला माती शिल्लक आहे का? राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या यंत्रणांना बुंध्याभोवतीचं 1 मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, तेच माप घेऊन आपल्या गार्डनमध्ये फिरा, किती झाडं पास होतात बघा. लावताना करंज, कडुनिंब, बहावा, ताम्हण, बकुळ मागा आणि ओढ्याकाठी अर्जुन, उंबर. झटपट वाढतं म्हणून कोनोकार्पस कोणी सुचवला तर नाही म्हणा, गुजरातने त्यावर 2023 मध्ये बंदी घातलीय. देशी झाडांचं काय होतं ते बघायचं असेल तर सातपूरकडच्या फाशीच्या डोंगरावर 2015 पासून लोकांनी जी देवराई वाढवलीय तिथे एक चक्कर मारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे मला तरी तसं वाटतं. सुटी सुटी गार्डन कितीही चांगली असली तरी ती एकमेकांना जोडलेली पाहिजेत, नाहीतर प्रत्येक ठिकाणी गाडी काढूनच जावं लागतं. सिंगापूरने 300 किलोमीटरच्या वर पायवाटा काढून पार्क जोडलेत. आपल्याकडे ही लाइन निसर्गाने आधीच आखून दिलीय, गोदावरी आहे, पंचवटीतली वाघाडी आहे आणि सातपूर, सिडको, मुंबई नाका असं करत टाकळीकडे जाणारी नंदिनी आहे, जिला अजून निम्मं शहर नासर्डीच म्हणतं. तिच्यात सांडपाणी जातं, वास येतो, हे मान्य, पण बॉस्टनमध्ये 1879 च्या सुमारास ओल्मस्टेड या उद्यानरचनाकाराने काम सुरू केलं तेव्हा तिथली दलदलही सांडपाण्याने नासलेली आणि पुराच्या तोंडची होती, आधी पाण्याचा बंदोबस्त आणि मग त्याच पट्ट्यातून सलग पार्कची माळ, असा तो क्रम होता. आपण नेमकं उलटं करतो, आधी लायटिंग आणि फरशी.

नदीकाठी काय बांधायचं याला नाशिकमध्ये वेगळा नियम लागतो. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे, पाणी त्याच्या कुठवर आलं यावरून आपण पूर मोजतो. 2016 आणि 2019 ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, नदीकाठच्या गोदा पार्कचं कामही 2016 च्या पुरात उखडलं. म्हणून निळ्या पूररेषेच्या (नेहमीचा मोठा पूर जिथवर येतो ती नकाशावरची रेषा) आत माती, गवत, झाडं आणि साधी पायवाट, बास. खेळणी, स्टेज, महागडे दिवे सगळं वर. असा पट्टा पुरात बुडाला तरी फार नुकसान नाही, गाळ काढला की परत चालू.

तुमच्या कॉलनीत गार्डनच नसेल तर लेआउटची ओपन स्पेस शोधा. 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये साधारण 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, जुन्या लेआउटमध्येही ती बहुतेक असतेच, फक्त आज तिथे सभामंडप, पत्र्याची शेड नाहीतर कोणाच्या तरी गाड्या असतात. नगररचना विभागातून मंजूर लेआउटची नक्कल काढा आणि जागेवर जाऊन ताडून बघा. भांडण नंतर, कागद आधी.

शेवटी देखभाल. गार्डन उद्घाटनाच्या दिवशी मरत नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात मरतं. मिनियापोलिसमध्ये 1883 पासून पार्कसाठी वेगळं निवडून दिलेलं मंडळ आणि त्याचा स्वतःचा कर आहे, आपल्याकडे उद्यान विभाग आणि ठेकेदार. म्हणून माहिती अधिकारात विचारा: या उद्यानाच्या देखभालीचा ठेका कोणाला, कधीपर्यंत, माळी किती आणि रोज किती तास, पाणी कुठून, मागच्या वर्षी किती बिल निघालं, कामाच्या अटींची प्रत द्या. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत बसवायचा असतो, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर 30 दिवसांत. अटींमध्ये रोज पाणी लिहिलं असेल आणि हौद कोरडा असेल तर त्याचा तारीख दिसणारा फोटो काढा, आणि दोन्ही कागद घेऊन तुमच्या विभागीय ऑफिसला जा, सिडको असो, पंचवटी असो की नाशिक रोड. एकट्याने जाऊ नका, त्या आजींना बरोबर न्या, त्यांना खुर्ची पण मिळते आणि उत्तर पण लवकर मिळतं.