शेअर्ड लायब्ररीत ‘अनडिफाइंड सिम्बॉल’? या चुका टाळा

शेअर्ड लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम चालताना लोड होणारी कोडची फाइल, विनातक्रार बिल्ड होते आणि प्रोग्राम चालवला की ‘सिम्बॉल लुकअप एरर’ येऊन सगळं अडतं. सिम्बॉल म्हणजे फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं नाव; ते कुठेच सापडलं नाही की ‘अनडिफाइंड’. नागपुरात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारी मुलं असोत की मिहान या इथल्या उद्योग क्षेत्रात नुकतीच रुजू झालेली, बहुतेक जण आधी सगळं पुसून पुन्हा बिल्ड करतात. कोड आणि फ्लॅग (कमांडला दिलेले पर्याय) तेच असतील, तर एररही तीच येणार.

खरी चूक आधीच झालेली असते. लिनक्सवर ‘शेअर्ड’ फ्लॅगने लायब्ररी बनवताना न सापडलेलं सिम्बॉल लिंकर, म्हणजे कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्राम, तसंच सोडतो. लोड होताना ते कुठून तरी मिळेल, असं धरून चालतो. मॅकवर तोच कोड सहसा लिंक करतानाच अडतो. म्हणून मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) लिंकरला ‘नो-अनडिफाइंड’ हा पर्याय पहिल्याच दिवशी द्या. मुख्य प्रोग्राममधली फंक्शन्स वापरणारं प्लगइन असेल तरच तो वगळा.

दुसरी चूक, सिम्बॉलचं नाव न वाचता फ्लॅग बदलत बसणं. समजा, संत्र्यांची प्रतवारी करणाऱ्या लायब्ररीला ‘रंग_मोजा’ हे फंक्शन सापडत नाही. जिथे ते असायला हवं, त्या लायब्ररीवर सिम्बॉलची यादी दाखवणारी ‘एनएम’ कमांड कॅपिटल ‘डी’ पर्यायासह चालवा. नावाआधी ‘टी’ असेल तर फंक्शन तिथे आहे. ‘यू’ असेल तर तीही ते बाहेरूनच मागतेय. तिथे नाव साधं, पण एररमध्ये ‘झेड’ आणि आकडे चिकटलेलं दिसतंय? मग फंक्शन सी भाषेतलं आहे, ते सी++ मधून बोलावलंय आणि हेडरमध्ये (फंक्शन्सची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) ‘एक्स्टर्न सी’ राहिलंय. ही गफलत फार जणांची होते. नावात ‘सीएक्सएक्स११’ दिसलं, तर एक भाग जीसीसी ५ (२०१५) च्या आधीच्या कंपायलरने किंवा जुन्या एबीआयने (बांधलेल्या कोडचे तुकडे एकमेकांशी जुळण्याच्या नियमांनी) बांधलेला असण्याची शक्यता जास्त. दोन्ही भाग एकाच कंपायलरने आणि एकाच एबीआयने बांधा.

लिंक करायच्या कमांडमधला क्रमही बघा. स्टॅटिक लायब्ररी (लिंक करतानाच प्रोग्राममध्ये मिसळणारी) ती वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलनंतर (कंपाइल झालेल्या कोडच्या फाइलनंतर) लिहायची, आधी नाही. वर्गमूळ काढणारं ‘एसक्यूआरटी’ सापडत नसेल तर बहुधा गणिताची लायब्ररी जोडणारा ‘एलएम’ फ्लॅग राहिलाय.

एवढं करूनही एरर येतच असेल, तर ‘एलडीडी’ कमांड चालवून लायब्ररी कोणत्या फोल्डरमधून उचलली जातेय ते पाहा. ‘यूएसआर लोकल’ फोल्डरमध्ये बऱ्याचदा जुनी प्रत पडलेली असते आणि नवी कुणी उघडतच नाही. आणि न सापडलेल्या सिम्बॉलकडे दुर्लक्ष करायला लावणारा फ्लॅग कुणी सुचवला, तर तो कृपा करून लावू नका. त्याने एरर फक्त वापरणाऱ्याच्या मशीनवर जाते.